कुत्र्याचा शिधा

आमच्या घरात फ्रीजवरून आजवर एकदाच भांडण झालं होतं, तेही कुणीतरी विरजणाचं भांडं उघडं ठेवलं म्हणून. त्यामुळं गेल्या सुगीत मुलगी बेंगळुरूहून कुत्रं घेऊन आली आणि तिनं फ्रीझरचा अख्खा कप्पा मागितला, तेव्हा मी मोठ्या मनानं देऊन टाकला. त्यात बर्फाच्या ट्रेशिवाय काही नसायचंच. पुढं त्यात काय काय जाऊन बसणार आहे हे माहीत असतं, तर निदान बायकोला विचारलं असतं.

आमचं घर सांबऱ्याच्या विमानतळाजवळच्या एका गावात आहे. मी रोज स्कूटरवरून बेळगावला जातो, एका कॉलेजच्या ऑफिसात बसतो आणि संध्याकाळी पोरांच्या मार्कलिस्टांना शिव्या घालत परत येतो. शेत भावकीतल्या एकाला वाट्यानं दिलंय. घरात आई, बायको आणि मी. मुलगी एकुलती एक. ती बेंगळुरूला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, आणि कंपनी तिला दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवणार होती. तिकडं कुत्रं नेता येत नव्हतं. भाड्याच्या खोलीत चालत नाही म्हणे, शिवाय ही दिवसभर बाहेर. मग महिनाभर घरून काम करायची परवानगी काढून ती त्याला इथं रुळवायला आली होती. पहिल्याच रात्री जेवताना तिनं सांगून टाकलं की कुत्रं इथं नीट खाऊ-पिऊ लागलं तरच ती जाणार, नाहीतर नाही. त्याला उपाशी टाकून ती विमानात बसणार नव्हती.

आता खरं सांगायचं तर हे ऐकून माझ्या मनात पहिली गोष्ट काय आली असेल? मी टेबलाखाली बसलेल्या त्या तांबूस कुत्र्याकडं बघितलं आणि मनातल्या मनात म्हणालो, बाबा रे, नको रुळूस. बापाचं मन असंच असतं. वरून मात्र मी करिअर, संधी, जगाचा अनुभव वगैरे शब्द असलेलं एक छोटं भाषण केलं.

कुत्रं काही जातिवंत नव्हतं. तिच्या ऑफिससमोरच्या फुटपाथवर सापडलेलं, एक कान उभा आणि एक पडलेला. आधी ती त्याला पाकिटातलं खाणं घालायची. त्यानं म्हणे त्याला खाज सुटली, केस गळून पाठ उघडी पडली, रात्रभर स्वतःलाच चावत बसायचं. औषधं झाली, शाम्पू झाले. शेवटी तिथल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानं तिनं ते सगळं बंद केलं आणि कच्चं सुरू केलं. कच्चं म्हणजे खरोखर कच्चं. कोंबडीची मान, पाय, काळीज, पोटातल्या जाड पिशवीचा पेठा, कधी बकऱ्याची वजडी, वर एखादं अंडं कवचासकट फोडून आणि चमचाभर किसलेलं गाजर. मांस आधी काही दिवस गोठवून ठेवायचं, म्हणजे त्यातले जंत मरतात. कच्चं हाड चालतं, शिजवलेलं अजिबात नाही, कारण शिजलेल्या हाडाचे टोकदार तुकडे होऊन आतड्यात रुततात. आणि मुख्य नियम असा की शिजवलेलं काही म्हणजे काही घालायचं नाही, भाकरीचा तुकडासुद्धा नाही. काही महिन्यांत त्याच्या पाठीवर पुन्हा केस आले होते, आणि ती पाठ ती आम्हाला अशी दाखवायची की जणू स्वतः एकेक केस लावलाय.

दुसऱ्या दिवसापासून चिकन सेंटरच्या वाऱ्या मला लागल्या. आमचा गावचा चिकनवाला सभ्य माणूस. मी रविवारी एकदा जाणारा, तो एकदम दिवसाआड माना आणि पाय मागायला लागलो, तेव्हा त्यानं आठवडाभर काही विचारलं नाही. मग एके दिवशी पिशवी देता देता हळूच म्हणाला की अण्णा, हॉटेल काढलंय का. मी कुत्र्यासाठी म्हणून सांगितलं. त्यानं मान डोलावली, पण त्याला ते पटलं नव्हतं. एवढं कुठलं कुत्रं खातंय? संध्याकाळपर्यंत गावात दोन बातम्या होत्या. एक, मी नोकरी सोडून हायवेला बिर्याणीची गाडी टाकतोय. दोन, आमच्यावर अशी वेळ आलीय की आम्ही पाय उकळून पितोय. दुसऱ्या बातमीमुळं माझ्या चुलतभावानं घरी तांदळाचं पोतं पाठवून दिलं. बायकोनं ते ठेवून घेतलं.

बायकोचा विरोध तत्त्वाचा नव्हता, भांड्यांचा होता. वजडीचे तुकडे माझ्या मिक्सरात होणार नाहीत, असं तिनं पहिल्याच दिवशी जाहीर केलं. मग वेगळी पाटी, वेगळी सुरी, वेगळा वाडगा आणि फ्रीझरमध्ये घट्ट झाकणाचे डबे आले. तरी तिला एकदा पाहुण्यांसाठी आईस्क्रीम काढताना त्याच्या शेजारच्या डब्यात कोंबडीचे पाय दिसले. ते आईस्क्रीम शेवटी पाहुण्यांनीच खाल्लं. आम्ही घरच्यांनी घसा धरलाय म्हणून सांगितलं.

वारांचा प्रश्न त्याहून अवघड निघाला. आमच्यात मटण आवडीनं खातात, पण सोमवार, गुरुवार आणि शनिवार म्हणजे बंद. आता कुत्र्याला सोमवार असतो का? बायको म्हणाली की घराला असतो. मुलगी म्हणाली की त्याच्या पोटाला नसतो. मी तोडगा काढला की वाराच्या दिवशी त्याचा वाडगा उंबऱ्याच्या बाहेर मांडायचा, म्हणजे घराचा वारही राहील आणि त्याचं पोटही. या तोडग्यावर मी बरेच दिवस खूश होतो.

राहता राहिली आई. आईचं वय पंच्याहत्तरीच्या पुढं, गुडघे दुखतात, पण हाताला उसंत नाही. घरात गॅस आहे, तरी मागच्या परड्यात तिची चूल आहे आणि पहाटे उठून तिथं ती जोंधळ्याच्या भाकरी थापते. पहिली भाकरी गाईची, शेवटची दारात येईल त्या कुत्र्याची, असा तिचा नेम. गावातली निम्मी कुत्री तिला ओळखतात. त्यामुळं या बाबतीत ती आकाशपाताळ एक करेल असं मला वाटलं होतं. पण मुलीनं सगळे नियम समजावून सांगितल्यावर ती शांतपणे म्हणाली, बरं बाय, तुझं कुत्रं, तुझी रीत.

फक्त त्या दिवसापासून ती त्याला पाव्हणं म्हणायला लागली. दिवेलागणीला वाडगा भरायची वेळ झाली की आतून विचारायची, पाव्हण्याचा शिधा काढला का गं? आधी आम्ही हसलो. मग एकदा मी विचारलंच की शिधा काय म्हणतेस सारखी.

"कच्चं दिलं म्हंजे शिधाच की," आई म्हणाली. "शिधा परक्याला देत्यात. आपल्या माणसाला शिजवून घालत्यात."

मला माझं लहानपण आठवलं. श्रावणात लिंगायतांचे अय्या, म्हणजे जंगम, भिक्षेला दारात यायचे. ते आमच्या घरचं शिजवलेलं खाणार नाहीत, म्हणून आई सुपात तांदूळ, तुरीची डाळ, गुळाचा खडा आणि चार वांगी घालून द्यायची, डोक्यावर पदर घेऊन, अगदी मनापासून. पण ते अय्या कितीही वर्षं आले तरी उंबऱ्याबाहेरच राहिले. आईच्या हिशेबात जगाचे दोन भाग होते, ज्यांना शिजवून घालायचं ते आणि ज्यांना सुपातून द्यायचं ते. आमच्या तांबूस पाव्हण्याला तिच्या डोळ्यांदेखत रोज संध्याकाळी दुसऱ्या भागात बसवलं जात होतं, आणि वाराच्या दिवशी तर माझ्या हुशारीमुळं उंबऱ्याच्याही बाहेर. तरी तिनं आदळआपट केली नाही. मी हे मुलीला सांगितलं, तर ती म्हणाली की आज्जी किती गोड बोलते. मी तो विषय तिथंच सोडला.

पहिले आठ-दहा दिवस सगळं झकास चाललं. वाडगा ठेवला की कुत्रं मान अशी कुडुमकुडुम चावायचं की ऐकणाऱ्याच्या दाढा शिवशिवाव्यात. मुलगी निवांत झाली, तिनं तिकडच्या थंडीचे कपडे मागवले. आणि मग कुत्र्याचं खाणं कमी व्हायला लागलं.

आधी गाजर राहिलं. मग काळीज राहिलं. मग एक दिवस त्यानं वाडग्याचा वास घेतला, शेपटी हलवली, सॉरी म्हटल्यासारखा चेहरा केला आणि जाऊन आईच्या दाराशी पडून राहिलं. मुलगी घाबरली. तिनं जमिनीवर बसून त्याला हातानं भरवून बघितलं. मांस कोमट करून बघितलं. मी दुसऱ्या चिकनवाल्याकडून आणून बघितलं, आणि ते कळल्यामुळं पहिला माझ्याशी दोन दिवस बोलला नाही. कुत्र्यानं सगळ्यांचा मान ठेवायला एखादा तुकडा चघळला आणि सोडून दिला.

दिवस चालले होते. मुलीला सोमवारी कंपनीला शेवटचं कळवायचं होतं. गुरुवारी रात्री जेवताना ती म्हणाली की तिनं ठरवलंय, ती जाणार नाही. सोमवारी तसं कळवून टाकते. आवाजात रडं नव्हतं, म्हणून जास्तच वाईट वाटलं. ती म्हणाली की पप्पा, ते माझ्या भरवशावर रस्त्यावरून उठून आलंय. बायकोनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. आई त्या वेळी जागी नव्हती. ती दिवेलागणीनंतर लगेच जेवून झोपते. मी पुन्हा करिअरचं भाषण सुरू केलं, पण या वेळी ते माझं मलाच पचेना. तिनं हे काम मिळवायला तीन वर्षं कशी काढली होती ते मला माहीत होतं. रविवारी फोन केला तरी मागून की-बोर्डचा आवाज यायचा. आणि आता ती राहणार होती. माझ्या मनासारखं झालं होतं, आणि मी ताटातला भात नुसता चिवडत होतो.

शुक्रवारी मी अर्धी रजा टाकली आणि आम्ही कुत्र्याला गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी त्याचे डोळे बघितले, हिरड्या दाबल्या, पोट चाचपलं, आणि त्याला काट्यावर उभं केलं. बेंगळुरूच्या कागदावरचं वजन त्यांना दाखवलं होतं. ते कन्नडमधून माझ्याकडं बघून म्हणाले की जेवण तर छान चाललेलं दिसतंय, वजन वाढलंय, थोडं कमी केलंत तरी चालेल. मुलीचा विश्वास बसेना. तिला वाटलं की सूज असेल. तिनं सूज, लिव्हर, किडनी असे प्रश्न विचारून डॉक्टरांना हैराण केलं. मी मात्र काट्याकडं बघत राहिलो. चार घास खाऊन वजन वाढत नाही, हे मला कॉलेजच्या ऑफिसात बसूनही कळतं. कुत्रं कुठंतरी जेवत होतं.

शनिवारी मी पहाटे उठलो. मला फार लांब जावं लागलं नाही. मागचं दार अर्धं उघडं होतं आणि परड्यात चूल पेटली होती. आई पाटावर बसली होती, तिच्यासमोर जुनी ॲल्युमिनियमची परात, परातीत दुधात कुस्करलेली गरम भाकरी, आणि परातीवर आमचं पाव्हणं. ते असं जेवत होतं की त्याचा पडलेला कानही उभा राहिला होता. आई एका हातानं फुंकणी धरून दुसऱ्या हातानं त्याची पाठ चोळत होती आणि त्याच्याशी बोलत होती. काय बोलत होती ते ऐकू आलं नाही, पण तो सूर मला ओळखीचा होता. त्या सुरात तिनं मला वाढवलंय.

मला आधी हसू आलं. आम्ही डॉक्टर केले, चिकनवाले बदलले, आणि इकडं हा गडी पहाटे गरमागरम भाकरी हाणून संध्याकाळी आम्हाला चेहरा दाखवत होता.

आईनं मला बघितलं, पण परात लपवली नाही. म्हणाली की दोन हप्त्यांमागं थंडीत एका पहाटे ते येऊन चुलीपाशी बसलं आणि तिच्या पायावर डोकं टेकलं. पायावर डोकं ठेवलेल्याला कसं हाकलायचं? मग तिनं एक भाकरी दिली. मग रोजची झाली. कधी मटण शिजवलेल्या अळणी पाण्यात कुस्करून, एरवी दुधात, एखादं उकडलेलं अंडं. हाड तेवढं घातलं न्हाय, असं तिनं मला बजावून सांगितलं, म्हणजे मुलीच्या नियमांपैकी तिला पटला तो तिनं पाळला होता. खाज उठलीय का बघ, असं म्हणून तिनं त्याचे केसही विंचरून दाखवले. नव्हती उठली.

मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो आणि सगळं सांगितलं. तू पहाटे घालतेस म्हणून ते संध्याकाळी खात नाही. ते खात नाही म्हणून पोरीला वाटतंय ते इथं राहणार नाही. आणि म्हणून ती जर्मनीला जात नाही, परवा कळवून टाकणार आहे. आईला यातलं शेवटचं काहीच माहीत नव्हतं. तिनं तव्यावरची भाकरी उलटली.

"मग ऱ्हाऊ दे की," ती म्हणाली. "घरात ऱ्हायली तर काय वाईट हाय?"

मी म्हणालो की काही वाईट नाही, मला पण तेच वाटतंय. ते खरंच होतं. आई पंच्याहत्तरीच्या पुढची आणि दोन वर्षं म्हणजे थोडी नव्हेत, हे आम्हा दोघांनाही कळत होतं आणि दोघांपैकी कुणी ते म्हणणार नव्हतं. तिनं परातीत उरलेलं दूध ओतलं आणि कुत्र्यानं ते संपवलं. मी अंघोळीला गेलो. दिवसभर मी मुलीला सांगायला दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मिटलं. मला वाटलं की हे आईनं सांगावं, नाहीतर कुणीच सांगू नये.

रविवारी पहाटे कुत्र्याच्या रडण्यानं मला जाग आली. मी खिडकीतून बघितलं. चूल पेटलेली होती, भाकरीची टोपली होती, पण टोपलीवर परात पालथी घातलेली होती आणि आई तिच्याकडं पाठ करून बसली होती. कुत्रं तिच्याभोवती फिरत होतं, पदर नाकानं ढकलत होतं, पायावर डोकं ठेवत होतं. ती पाय काढून घेत होती. तिनं त्याला हाड म्हटलं नाही, हाकललं नाही, पण त्याच्याकडं बघितलंही नाही. गाईची भाकरी गाईला घातली आणि आत आली. तिचा चेहरा काही विचारण्यासारखा नव्हता.

त्या दिवशी घरात मटण होतं. रविवारचा रस्सा आणि आईनं नको म्हणावं, हे आमच्याकडं कधी घडलेलं नव्हतं. पोट बरं न्हाय, एवढंच म्हणाली. बायकोनं ओवा दिला, तो तिनं हातात घेतला आणि कुठंतरी ठेवून दिला. दुपारभर ती बाहेरच्या पायरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली. कुत्रं तिच्यासमोर पसरलं होतं, अधूनमधून मान वर करून तिला बघायचं आणि मोठा सुस्कारा टाकायचं. मुलगी माडीवर तिचं ते नकाराचं पत्र लिहीत बसली होती.

दिवेलागणीला मुलीनं रोजच्यासारखा वाडगा भरून आणला. कोंबडीची मान, दोन पाय, पेठा. तिला काही आशा नव्हती, हे तिच्या ठेवण्यावरूनच दिसत होतं. कुत्र्यानं वास घेतला. मग तोंड फिरवून आईच्या दाराकडं बघितलं, आणि तसंच उभं राहिलं. पोटात भूक असणार, पण नजर दारावर. त्याला वाटत असणार की आता परात येईल.

आई बाहेर आली. भिंतीला धरून, गुडघ्यांना हात लावत ती फरशीवर बसली. मुलगी म्हणाली की आज्जी, खाली कशाला बसतेस. आईनं वाडगा स्वतःकडं ओढला, त्यात हात घातला आणि कोंबडीचं एक कच्चं पाऊल उचलून कुत्र्याच्या तोंडाशी धरलं. ज्या बाईनं जन्मात कुठल्या आपल्या म्हटलेल्याला कच्चं दिलं नाही, ती आज आपल्या हातानं कच्चं भरवत होती. कुत्र्यानं तिच्याकडं बघितलं, त्या पावलाकडं बघितलं. मग अगदी अलगद, तिची बोटं सोडून, ते पाऊल घेतलं. कुडुम. मग दुसरं. मग मान. आई एकेक काढून देत होती आणि ते तिच्या हातातून खात होतं. मुलगी तोंडावर हात ठेवून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

आईनं मान वर न करता तिला सांगितलं की इतके दिवस पहाटे ती त्याला भाकरी घालत होती, म्हणून ते खात नव्हतं, आता घालणार नाही, संध्याकाळी स्वतःच्या हातानं हे घालील. मुलीला ते समजायला थोडा वेळ लागला. समजल्यावर तिला राग यायला हवा होता, पण ती आईच्या शेजारी खाली बसली आणि म्हणाली की आज्जी, तुला नाही ना पटत हे, मग मी राहते की, खरंच राहते.

"तुझं ताट तिकडं वाढलंय पोरी," आई म्हणाली. "वाढल्या ताटावनं उठू नये."

वाडगा रिकामा झाला. आईनं साबणानं हात धुतले, आणखी एकदा धुतले, आणि आत येऊन बायकोला विचारलं की भाकरी हाय का गं. बायको म्हणाली की आहे, पण तुमचं पोट बरं नव्हतं ना आत्ती. तेव्हा कळलं की सकाळपासून तिनं चहासुद्धा घेतला नव्हता. ते मुकं जनावर उपाशी ठेवून मी कसं गिळू, असं तिनं अगदी साधेपणानं विचारलं, जणू हे कुणालाही कळायला हवं. मुलीनं तिला ताट वाढलं. आईनं दुपारचा रस्सा मागून घेतला, दोन भाकरी खाल्ल्या, आणि मुलगी वाढत होती तोवर एकदाही पुरे म्हणाली नाही.

मी बाहेर जाऊन परड्यात उभा राहिलो. मला आईचा अभिमान वाटत होता आणि तिचा थोडा रागही येत होता. आता पोरगी जाणार, हे पक्कं झालं होतं.

पुढचे दिवस सामान बांधण्यात गेले. रोज दिवेलागणीला आई वाडगा घेऊन बसायची आणि मुलगी तिच्या शेजारी बसून मांसाचे डबे कधी काढायचे, किती वेळ बाहेर ठेवायचे, हात कसे धुवायचे ते पुन्हा पुन्हा सांगायची. आई प्रत्येक वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी व्हय व्हय म्हणायची. शिधा हा शब्द त्यानंतर तिच्या तोंडून मी ऐकला नाही.

मुलीचं बेळगावहून निघणारं विमान संध्याकाळचं होतं. आईला आम्ही चल म्हणालो, विमानतळ घरापासून हाकेवर आहे, गाडीत बसून यायचं आणि बसून परत जायचं. ती यायला तयार होईना. त्याची जेवायची वेळ हाय, म्हणाली. मुलीनं तिच्या पाया पडून तिला मिठी मारली, ती बराच वेळ सुटली नाही. मग कुत्र्याच्या गळ्यात पडली. कुत्र्याला काहीच कळलं नाही, त्यानं तिचा कान चाटला आणि आईच्या मागं जाऊन उभं राहिलं. ते बघून मुलगी हसली आणि रडली, दोन्ही एकदम.

आम्ही विमान उडेपर्यंत कुंपणाशी थांबलो. बायको दिवे दिसेनासे होईपर्यंत हात हलवत होती. घरी आलो तेव्हा अंधार पडला होता. वाडगा धुऊन पायरीवर पालथा घातला होता, आई त्याच्या शेजारी बसली होती आणि कुत्रं तिच्या पायावर डोकं ठेवून झोपलं होतं. मी चपला काढल्या.

"खाल्लं त्यानं समदं," आई म्हणाली.

मी म्हणालो, "गेली ती."

मग मी तिच्याजवळ पायरीवर बसलो. जेवायला बायकोनं हाक मारेपर्यंत आम्ही दोघं तिथंच होतो.